बहात्तरचा दुष्काळ, बहात्तरचा रॉक

आमच्या बीड जिल्ह्यात 'बहात्तर साल' एवढंच म्हटलं तरी पुरतं, पुढचा शब्द बोलावा लागत नाही. बहात्तर म्हणजे दुष्काळ. अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी, मुलांना वाटलेली सुकडी, पाझर तलावांची आणि रस्त्यांची कामं, खडी फोडणारे हात. त्या दुष्काळाच्या ऐन भरात राज्यभर सुमारे ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. रोजगार हमी योजनेची सुरुवात त्याच काळातली. माझी आजी त्या खडी फोडणाऱ्यांतली एक. तिला जन्मतारीख माहीत नाही, पण दुष्काळात आपण केवढ्या होतो हे पक्कं माहीत आहे. आमच्याकडे कालगणना अशीच चालते. बहात्तरच्या आधी आणि बहात्तरच्या नंतर.

जगात आणखी एक जमात आहे जी बहात्तर सालावरून काळ मोजते. तिच्यासाठी मात्र ते सोन्याचं वर्ष आहे. १९७२ मध्ये इंग्लंडात येस या बँडचा 'क्लोज टू द एज' आला, जेथ्रो टलचा 'थिक अ‍ॅज अ ब्रिक' आला, जेनेसिसचा 'फॉक्सट्रॉट' आला, जेंटल जायंटचा 'ऑक्टोपस' आला. पिंक फ्लॉइड त्याच वर्षी 'द डार्क साइड ऑफ द मून' स्टेजवर वाजवून बघत होते आणि स्टुडिओत घडवत होते. तो मार्च १९७३ मध्ये बाहेर पडला. या सगळ्याला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात, लाडाने प्रॉग. या संगीताचे भक्त आजही आहेत, आणि त्यांची भक्ती पन्नास वर्षांत जराही उतरलेली नाही. मार्च २०२२ मध्ये लंडनला जेनेसिसचा शेवटचा कार्यक्रम झाला तेव्हा फिल कॉलिन्स खुर्चीत बसून गायला. ज्याच्या ड्रमिंगवर लोक फिदा झाले त्याला आता काठी धरून चालावं लागत होतं, तरी सभागृह भरलेलं होतं.

मी या दोन्ही बहात्तरांचा वारसदार आहे. जन्म अंबाजोगाई तालुक्यातल्या एका गावातला, इंजिनिअरिंग औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, एका कॉलेजातलं, आणि नोकरी पुण्यात कोड लिहिण्याची. गेली दहाएक वर्षं मी हे संगीत ऐकतोय. त्यामुळे या भक्तीबद्दल बोलायचा मला थोडा अधिकार आहे. बोलायचं कारण असं की या भक्तीचं जे स्पष्टीकरण सगळे देतात ते माझ्या बाबतीत लागूच पडत नाही.

ते स्पष्टीकरण म्हणजे नॉस्टॅल्जिया. माणूस तरुणपणी जे ऐकतो ते त्याला जन्मभर पुरतं. साठी-सत्तरीतला एखादा इंग्रज गृहस्थ 'फॉक्सट्रॉट' लावतो तेव्हा तो खरं तर आपलं विशीतलं घर, पहिली सिगरेट, पहिलं प्रेम ऐकत असतो, असा हा युक्तिवाद. त्या गृहस्थापुरता तो खरा असेलही. पण माझ्या बहात्तरमध्ये परत जाण्यासारखं काय आहे? मिलोची भाकरी? ज्या शहराला रेल्वे बघायला २०२५ साल उजाडावं लागलं, त्या बीडमध्ये १९७२ साली येसची एलपी कुठून पोचली असती? माझ्या घरात त्या वर्षाबद्दल हळहळ आहे, ओढ नाही. म्हणजे माझ्यासारखा माणूस हे संगीत ऐकून तिथेच थांबत असेल, तर आठवणींना टेकू न देता ते स्वतःच्या पायावर उभं आहे का, हे तपासायला माझ्याइतकं बरं गिऱ्हाईक मिळणार नाही.

माझ्यापर्यंत हे आलं ते हार्ड डिस्कवरून. जिओचं स्वस्त इंटरनेट २०१६ च्या सप्टेंबरात आलं. त्याआधी होस्टेलवर संगीत एका हार्ड डिस्कवरून दुसऱ्या हार्ड डिस्कवर जायचं, सिनेमे आणि सेमिस्टरच्या नोट्सच्या सोबतीने. एका सीनियरच्या डिस्कवर पिंक फ्लॉइडचं सगळं संगीत एका फोल्डरमध्ये होतं. आपल्याकडच्या बहुतेक इंजिनिअर पोरांचा या देवळात शिरायचा दरवाजा फ्लॉइडच असतो. पुढे काही जण तिथेच बसतात, काही जण आत जातात.

आत काय आहे ते जरा बघू.

'क्लोज टू द एज' ही रचना साडेअठरा मिनिटांची आहे. ती एलपीची एक अख्खी बाजू व्यापते. सुरुवातीला पक्ष्यांचा आणि पाण्याचा आवाज हळूहळू वाढत जातो आणि मग एकदम गिटार, बास, ड्रम आपापल्या वाटेने धावत सुटल्यासारखे कोसळतात. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं, हे सगळे वेगवेगळी गाणी वाजवतायत. दोन-अडीच मिनिटांनी कुठे ते एका सुरावर येऊन थांबतात. मधल्या भागात सगळं संथ होतं, चर्चमधला मोठा ऑर्गन भरून येतो. शेवटी सुरुवातीच्या गाण्याची धून परत येते, पण आता ती भव्य वाटते, कारण तिथवर पोचायला आपण पंधरा मिनिटं चाललेलो असतो. ही रचना बँडने एका दमात वाजवलेली नाही. तुकड्या-तुकड्यांनी रेकॉर्ड करून, टेप कापून, जोडून ती घडवली, आणि पूर्ण झाल्यावर मग स्टेजवर सलग वाजवायला स्वतःच शिकले. रोज दुसऱ्यांच्या कोडचे तुकडे जोडणाऱ्या माझ्यासारख्याला या गोष्टीचं भारी अप्रूप वाटतं. जोड कुठेय ते शोधायचा मी खूपदा प्रयत्न केला. काही ठिकाणी सापडतो, बऱ्याच ठिकाणी नाही.

इथे एक तांत्रिक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. एलपीच्या एका बाजूला साधारण वीस ते पंचवीस मिनिटं मावतात. म्हणून 'क्लोज टू द एज' साडेअठरा मिनिटांची, जेनेसिसची 'सपर्स रेडी' तेविसाच्या आसपास, फ्लॉइडची १९७१ ची 'एकोज' साडेतेवीस मिनिटांची. 'थिक अ‍ॅज अ ब्रिक' तर सलग एकच रचना, त्रेचाळीस मिनिटांच्या वर, आणि मध्ये तबकडी उलटायला लागते म्हणूनच फक्त तुटलेली. ही लांबी कुणा ऋषीने ठरवलेली नाही. माध्यमाने जेवढी जागा दिली तेवढी या पोरांनी काठोकाठ भरली. आज माध्यम वेगळं आहे. स्पॉटिफायवर गाणं तीस सेकंद वाजलं की एक 'स्ट्रीम' मोजला जातो. त्यामुळे गाण्यात पहिल्या तीस सेकंदांत काहीतरी घडवून आणावंच लागतं. 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड'मध्ये गायकाचा आवाज यायला आठ मिनिटांहून जास्त लागतात. आजच्या हिशेबाने ही रचना सुरू व्हायच्या आधीच तिचा हिशेब मिटलेला असतो.

यावरून बहुतेक भक्त जो निष्कर्ष काढतात तो मला मान्य नाही. ते म्हणतात, तेव्हाचं संगीत खरं, आताचं उथळ. तसं नाही. तेव्हाही एकेका एलपीत उथळपणा भरपूर होता, आणि आज पंधरा सेकंदांची रील करणाऱ्या पोरांत कसबी माणसं आहेत. मुद्दा लांबीचा नसून लांबीत काय केलं याचा आहे. लांब रचना ऐकणाऱ्याकडून एक काम मागते. पाचव्या मिनिटाला ऐकलेली धून सतराव्या मिनिटापर्यंत ध्यानात धरायची. ती परत आली की ओळखायची. ओळखली की जो आनंद होतो तो गाण्याने दिलेला नसतो, तो आपण आणि गाण्याने मिळून कमावलेला असतो. म्हणूनच असं संगीत पहिल्यांदा ऐकताना अर्धंच आवडतं आणि विसाव्या वेळी जास्त. भक्ती टिकते ती या कामामुळे, असं माझं म्हणणं आहे. ज्यात आपली मेहनत गेली ते सोडवत नाही. शेताचं आणि जुन्या कोडबेसचंही तसंच असतं.

आता तालाकडे येऊ, कारण इथे बीडच्या माणसाला एक गंमत दिसते जी लंडनच्या माणसाला दिसत नाही. प्रॉगची कीर्ती 'विचित्र' तालांसाठी आहे. रॉक सगळं चार मात्रांचं, आणि हे लोक पाच, सात, नऊ, अकरा मात्रांत वाजवतात. समीक्षक त्याला 'ऑड' म्हणतात, आणि त्या शब्दात कौतुकही असतं आणि थोडी नाराजीही, की कशाला एवढी हुशारी दाखवायची. फ्लॉइडचं 'मनी' सात मात्रांचं. गिटारचा सोलो येतो तेव्हा मात्र ते गपचूप चारवर येतात.

माझे एक चुलते गावच्या भजनात पखवाज वाजवतात. आमच्या भागाला पखवाजाचं वेड आहे, आणि त्याला कारणही आहे. अंबाजोगाईजवळच्या आपेगावच्या शंकरबापू आपेगावकरांनी हे वाद्य देशभर नेलं, त्यांना पद्मश्री मिळाली. पुढे उद्धवबापूंनी ते चालवलं. तर एकदा सुट्टीत मी काकांच्या कानात इअरफोन घालून 'मनी' लावलं. त्यांनी मांडीवर हात टाकला, दोन आवर्तनं ऐकली आणि म्हणाले, "सात हायेत की. तीव्रासारखंच. जोर तेवढा दुसरीकडं टाकलाय."

मी म्हणालो, "काका, तिकडं ह्याला अवघड म्हणतात."

"का बरं? मोजायला येत नाही का त्यांना?"

काकांच्या या प्रश्नात प्रॉगच्या समीक्षेतलं एक मोठं भोक आहे. सात मात्रा विचित्र कुणासाठी? ज्याच्या कानात चारच भरलेत त्याच्यासाठी. आपल्याकडे तीव्रा आणि रूपक सात मात्रांचे, झपताल आणि सूलताल दहा, धमार चौदा मात्रांचा आणि त्यातही पाच-दोन-तीन-चार असे असमान तुकडे. हे ताल वाजवणारा माणूस 'बघा मी किती हुशार' असं म्हणत नसतो. ती त्याची रोजची चाल असते. त्यामुळे प्रॉगवर 'हे नुसतं बुद्धीचं प्रदर्शन आहे, यात शरीर नाही' असा जो आरोप गेली पन्नास वर्षं होतोय, तो अर्धा तरी पाश्चात्त्य कानांच्या सवयीतून आलेला आहे. मला 'मनी'वर मान डोलवायला कधी गणित करावं लागलं नाही. उरलेला अर्धा आरोप मात्र खरा आहे. काही बँड ताल बदलतात ते केवळ बदलता येतो म्हणून. तिथे काकाही कंटाळले असते.

भक्तांना न आवडणाऱ्या गोष्टी आता बोलायलाच हव्यात. पहिली गोष्ट भारताची. येसने १९७३ च्या डिसेंबरात 'टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स' काढला. दोन तबकड्या, चार बाजू, प्रत्येक बाजूवर एकेक रचना, मिळून ऐंशी मिनिटांच्या वर. ही कल्पना गायक जॉन अँडरसनला कुठे सुचली? परमहंस योगानंदांच्या आत्मचरित्रातल्या एका तळटीपेत. श्रुती, स्मृती, पुराण आणि तंत्र अशी शास्त्रांची चार अंगं सांगणारी ती टीप. चार अंगं, चार बाजू, झालं. एका तळटीपेवर ऐंशी मिनिटं उभी केली. आपल्याकडच्या एखाद्या कीर्तनकाराला ही गोष्ट सांगितली तर तो म्हणेल, यात काय मोठं, आम्ही एका ओवीवर तीन तास बोलतो. खरंय, पण त्याच्या तीन तासांमागे परंपरेची शेकडो वर्षं असतात. येसच्या ऐंशी मिनिटांमागे एका पुस्तकाच्या पानाचा तळ होता, आणि ते ऐकताना कळतं. पहिली बाजू सुंदर आहे, चौथीत जीव आहे, मधल्या दोन ताणलेल्या आहेत. कीबोर्ड वाजवणारा रिक वेकमन स्वतः इतका कंटाळला होता की मँचेस्टरच्या एका कार्यक्रमात त्याने स्टेजवरच बसून करी खाल्ली. हे तो स्वतःच हसत-हसत सांगतो. १९७४ मध्ये त्याने बँड सोडला. शास्त्रांवरचा अल्बम वाजवताना कंटाळून करी खाणं, याहून नेमकी टीका कुणा समीक्षकाने केलेली नाही.

या अल्बमवर टीका केली की भक्त म्हणतात, तुम्हाला कळला नाही, अजून दहा वेळा ऐका. लांब रचनेला कष्ट लागतात हे मी वर म्हटलंच. पण कष्ट लागतात म्हणून ती चांगलीच, असं उलटं होत नाही. दुष्काळी कामावर फोडलेली सगळीच खडी रस्त्याला लागली नाही.

दुसरी गोष्ट जास्त टोचणारी आहे. ही भक्ती कुणाकुणाला आत घेते? आपल्याकडे सत्तरच्या दशकात हे संगीत मुंबईत होतं, तेही मोजक्या घरांत. परदेशातून कुणीतरी आणलेली एलपी, इंग्रजी कॉलेजं, धोबी तलावचं रंगभवन, काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस. रंगभवनातलं संगीत शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे थांबलं आणि ऱ्हिदम हाऊस २०१६ मध्ये बंद झालं. त्या जगाबद्दल जे लेख येतात ते बहुतेक हळवे असतात. त्यांत एक मराठी नाव मात्र अधूनमधूनच येतं, नंदू भेंडे. आत्माराम भेंड्यांचा हा मुलगा मुंबईच्या रॉक बँडांतून गायचा. अलेक पदमसींच्या 'जीझस क्राइस्ट सुपरस्टार'मध्ये त्याने ज्यूडास केला. आणि मग पुलंनी ब्रेख्तवरून केलेल्या 'तीन पैशाचा तमाशा'त, १९७८ साली, तो मराठी रंगमंचावर उभा राहून गायला. रॉकचा गळा आणि मराठी शब्द एकत्र येऊ शकतात हे त्याने करून दाखवलं. २०१४ मध्ये तो गेला. आपल्या होस्टेलांतल्या पोरांना लेड झेपेलिनच्या रोडीचं नाव पाठ असतं, नंदू भेंडे माहीत नसतो. मी ज्यांच्यात बसून हे संगीत ऐकलं त्यांतल्या बहुतेकांना माहीत नव्हता.

म्हणजे भक्तीचा एक भाग संगीतावर नसतो, तो संगीताने मिळणाऱ्या दर्जावर असतो. कुठल्या वर्षीचं रीमास्टर, कुठलं प्रेसिंग, कुठल्या दौऱ्यातला ड्रमर. ही माहिती वाईट नाही, मलाही तिचा नाद आहे. पण ती फाटकावर उभं राहून इतरांना अडवायला वापरली जाते. बीडहून आलेल्या पोराला 'येस' माहीत आहे याचं आश्चर्य मी खूपदा पाहिलंय. 'अरे वा, तूसुद्धा?' यातला 'सुद्धा' मला चांगला ओळखू येतो. बायकांच्या बाबतीत तर हे फाटक आणखी अरुंद आहे. रेनेसाँसची अ‍ॅनी हॅस्लम, कर्व्ड एअरची सोन्या क्रिस्टिना याच काळात गात होत्या. हॅस्लमचा आवाज ऐकून पाहा, मग कुठल्याही 'सर्वश्रेष्ठ दहा' यादीत तिला शोधा. बहुतेक याद्यांत ती सापडणार नाही.

त्याच १९७२ मध्ये आपल्याकडे काय होत होतं तेही या फाटकाच्या आतून दिसत नाही. त्या वर्षी मुंबईत दलित पँथर उभी राहिली. १६ डिसेंबर १९७२ ला पुण्यात 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग झाला. करणारी संस्था होती प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन, म्हणजे शब्दही तोच. माणसांची भिंत, कीर्तन, खेळे, भास्कर चंदावरकरांचं संगीत. जुने लोकप्रकार मोडून, जोडून काहीतरी मोठं आणि गुंतागुंतीचं उभारायचं ही भूक त्या वर्षी फक्त इंग्लंडच्या हवेत नव्हती. माझ्यासाठी बहात्तर सालचं प्रॉग हे या मोठ्या भुकेचा एक तुकडा आहे. दुष्काळाच्या वर्षाला भूक हा शब्द जपून वापरायला हवा, हे मला कळतं. तरीही वापरतो, कारण त्याच वर्षी इतक्या वेगवेगळ्या माणसांना 'आहे तेवढं पुरत नाही' असं वाटत होतं, आणि प्रत्येकाचं न पुरणं वेगळ्या जातीचं होतं. हा फरक पुसला तर तुलना खोटी होते. आजी खडी फोडत होती आणि जॉन अँडरसन टेप जोडत होता, ही दोन कामं सारखी नव्हती. पण मला दोन्हींचा वारसा मिळालाय आणि एकासाठी दुसरा टाकून द्यावा असं मला वाटत नाही.

मग भक्ती कशी असावी? याचं उत्तर शोधताना मला माझ्याच गावाजवळची दोन उदाहरणं दिसतात. अंबाजोगाईला दासोपंत होऊन गेले, सोळाव्या शतकात. त्यांनी प्रचंड लिहिलं. 'गीतार्णव' सव्वा लाख ओव्यांचा असल्याचं सांगतात. आणि त्यांची 'पासोडी' म्हणजे कापडावर लिहिलेलं 'पंचीकरण'. सुमारे चाळीस फूट लांब कापड, त्यावर ओव्या आणि आकृत्या. माध्यमाने दिलेली जागा काठोकाठ भरायची ही तीच वृत्ती, फक्त चारशे वर्षं आधीची. पासोडी जपली गेली हे आपलं भाग्य. पण आम्ही अंबाजोगाईकर तिचा अभिमान जितका बाळगतो तितकी ती वाचत नाही. ती पाहिली जाते, तिला नमस्कार केला जातो. ही एक भक्ती, वस्तू सांभाळणारी.

दुसरी भक्ती काकांची. तेच अभंग, तोच पखवाज, दर एकादशीला. पण कीर्तनकार बदलला की निरूपण बदलतं, वाजवणारा बदलला की ठेका वेगळा बोलतो. मूळ तेच राहतं आणि रोज नवं होतं. ही भक्ती वापरणारी, झिजवणारी आणि म्हणून टिकवणारी.

प्रॉगमध्येही या दोन वाटा स्वच्छ दिसतात. कॅनडात द म्युझिकल बॉक्स नावाचा एक बँड आहे. तो सत्तरच्या दशकातल्या जेनेसिसचे कार्यक्रम जसेच्या तसे करतो. तेच पोशाख, तशीच वाद्यं, पडद्यावर त्याच स्लाइड्स. काम अतिशय चोख आहे आणि पाहून मला पासोडीची काचपेटी आठवते. उलट बाजूला किंग क्रिमझनचा रॉबर्ट फ्रिप. १९७४ मध्ये त्याने भरात असलेला बँड बंद केला. १९८१ मध्ये 'डिसिप्लिन' घेऊन परत आला तर ते पूर्ण वेगळं संगीत होतं. २०१४ पासून तीन ड्रमर स्टेजच्या पुढच्या रांगेत बसवून त्याने जुन्याच रचना नव्या मांडणीत वाजवल्या. १९६९ चं गाणं तिथे जुनं वाटत नाही, कारण वाजवणाऱ्यांना ते अजून पूर्ण सापडलेलं नाहीये असं ऐकणाऱ्याला जाणवतं. स्टीव्हन विल्सन हा आमच्या पिढीला पॉर्क्युपाइन ट्रीमुळे माहीत. त्यांनी २००९ मध्ये आयआयटी मुंबईच्या मूड इंडिगोत वाजवलं होतं. त्यानेही येस, टल, क्रिमझनच्या जुन्या टेप्स घेऊन नवी मिक्सेस केली. मूळ सुरांना हात न लावता त्याने आतली वाद्यं मोकळी केली. हेही एक निरूपणच.

मी या दुसऱ्या वाटेच्या बाजूने आहे, आणि ही केवळ आवडीची गोष्ट नाही. 'थिक अ‍ॅज अ ब्रिक' मुळात थट्टा होती. आधीच्या अल्बमला समीक्षकांनी 'कन्सेप्ट अल्बम' म्हटलं म्हणून इयन अँडरसन चिडला आणि म्हणाला, थांबा, तुम्हाला खरा कन्सेप्ट अल्बम दाखवतो. वेष्टन म्हणून अख्खं खोटं वर्तमानपत्र छापलं, आठ वर्षांच्या एका काल्पनिक पोराला कवी म्हणून उभं केलं. अमेरिकेत तो पहिल्या क्रमांकावर गेला. स्वतःच्याच प्रकारावर हसत हसत त्या प्रकारातली एक उत्तम गोष्ट करणारी माणसं ही. त्यांची गंभीर चेहऱ्याने पूजा करणं म्हणजे त्यांना न ऐकणं.

तुम्ही हे संगीत ऐकलं नसेल तर माझा सल्ला साधा आहे. फ्लॉइडपासून सुरुवात करायची असेल तर करा, पण तिथे बसून राहू नका. एखाद्या रविवारी फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि 'क्लोज टू द एज' सलग ऐका. पहिल्यांदा नाही आवडली तर पंधरा दिवसांनी पुन्हा ऐका. तेव्हाही नाही आवडली तर सोडून द्या. कुणी तुम्हाला कळत नाही म्हणालं तर म्हणू द्या. कोणत्या सालचं रीमास्टर ते विचारू नका. आणि तुमच्या गावात कुणी पखवाज, संबळ, हलगी वाजवत असेल तर त्यांना नक्की ऐकवा.

गेल्या दिवाळीत मी काकांना 'क्लोज टू द एज'ची सुरुवात ऐकवली. तीन मिनिटं ते काहीच बोलले नाहीत. मग त्यांनी पखवाजाला ताजी कणीक लावली, पुडी ओली केली आणि फोनच्या छोट्या स्पीकरसोबत वाजवायला बसले. पहिले चार-पाच प्रयत्न फसले. फोनचा आवाज पखवाजाखाली बुडून गेला, आणि ड्रमर कुठे वळतोय ते त्यांना कळेना. मी म्हटलं, जाऊ द्या. ते म्हणाले, "जाऊ द्या काय? अजून सम सापडायचीय."

आता ते रोज संध्याकाळी तेवढाच तुकडा मागतात. मी पुण्याहून त्यांना मोठा स्पीकर पाठवलाय.